हळदीची ताडपत्री, भिंतीवरचे पंचांग आणि समुद्र



हळद शिजली, वाळली, पॉलिश झाली. वसमतच्या बाजारात माल गेला आणि पट्टी हातात आली. गहू, हरभरा घरात आहे, कडब्याची गंजी रचून झाली आहे. आता नांगरट तापू द्यायची, शेणखत ओढायचे आणि रोहिणीची वाट बघायची. हट्टा आणि आसपासच्या गावांत अक्षय तृतीयेच्या सुमाराला साधारण अशीच स्थिती असते. वर्षभरात कुटुंबाला चार दिवस सलग मोकळे मिळतात ते याच वेळी.

हे चार दिवस कुठे जातात? लग्नसराईत, नाहीतर पारावर. लेकरे मामाच्या गावाला जातात आणि घरची बाई? ती कुठेच जात नाही. फार तर तुळजापूर, माहूर, पंढरपूर होते. ते व्हावेच. पण गावोगावी फिरताना शाळेतल्या मुलांना विचारून पाहा, समुद्र किती जणांनी पाहिला? हात वर करणारी दोन-तीनच निघतात. आपला पाऊस अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर या दोन्हींकडून येणाऱ्या वाऱ्यावर अवलंबून. आपल्या शिवारातले पाणी पूर्णेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. एवढा संबंध असूनही आपल्यातले पुष्कळ जण समुद्र न पाहताच म्हातारे होतात.

म्हणून या लेखात एक साधी गोष्ट सुचवायची आहे. कुटुंबाने उन्हाळ्यात तीन रात्री समुद्राकाठी तंबूत राहून यावे. हॉटेलचा खर्च नको. लागणारे बरेचसे सामान आपल्या घरात आहे आणि लागणारे बरेचसे ज्ञानही आहे. फक्त एक गोष्ट आपल्याला ठाऊक नसते, ती म्हणजे भरती-ओहोटी. ती न कळल्यामुळे माणसे जिवाला मुकतात. तेव्हा तेवढा भाग तरी लक्ष देऊन वाचावा.

केव्हा जावे?

शाळांना मे महिन्यात सुट्टी असते. एक मेचे झेंडावंदन आणि निकाल झाला की मुले मोकळी. तेव्हापासून पंधरा मेपर्यंतचा काळ सोयीचा. महिनाअखेरपर्यंत थांबू नये. २०२५ साली पाऊस २५ मे रोजीच कोकणात उतरला आणि २६ मे रोजी मुंबईत पोहोचला. चक्रीवादळाचाही हाच हंगाम. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ कोकण किनाऱ्याजवळून गेले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. निघण्याआधी आणि तिथे पोहोचल्यावरही हवामान खात्याचा अंदाज रोज ऐकावा. मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचा इशारा असेल, तर आपणही पाण्यापासून लांब राहायचे.

आता प्रश्न येईल, “जनावरांचं काय करायचं साहेब?” पेरणीत आपण सावड करतो ना? तीच सावड सुट्टीतही करावी. या आठवड्यात एका भावाचे कुटुंब जाईल, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याचे. धार, वैरण, पाणी शेजारच्याने बघायचे आणि त्याची पाळी आली की आपण बघायचे.

कुठे आणि कसे?

हट्ट्याहून समुद्र पाचशे किलोमीटरच्या वर आहे. परभणीहून नांदेड–पनवेल रेल्वेने रात्रीचा प्रवास करून पनवेलला उतरता येते. रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. मे महिन्यात गर्दी फार, म्हणून तिकिटे मार्चमध्येच काढावीत. पनवेलहून अलिबागला एसटी मिळते. अलिबागहून रेवदंडा-मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावे लागतात. नागाव तर अलिबागपासून दहा किलोमीटरच्या आतच.

एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट, पंच्याहत्तरीपुढच्या आजी-आजोबांना तिकीटच नाही. रेल्वे नको असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे, त्याची चौकशी आगारात करावी.

उघड्या किनाऱ्यावर मनाला येईल तिथे तंबू ठोकू नये. ग्रामपंचायतीची आणि पोलिसांची परवानगी लागते, शिवाय बायाबापड्यांची गैरसोय होते. या गावांत नारळ-सुपारीच्या वाड्या आहेत. वाडीत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी कुटुंबे आहेत आणि काही ठिकाणी तंबूसाठी जागाही देतात. आधी फोन करून चार गोष्टी पक्क्या विचाराव्यात. माणशी जागेचे किती? संडास-न्हाणी आहे का, आणि रात्री तिथे दिवा असतो का? पिण्याचे पाणी कोणते? जेवण मिळेल का? संडास-न्हाणीचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसरी वाडी बघावी. घरच्या बाईला तीन दिवस अवघडून काढावे लागले, तर ती सहल पुरुषांचीच झाली म्हणायची.

सामान घरातलेच

तंबू विकत घेण्याची गरज नाही. हळद वाळवायची ताडपत्री स्वच्छ धुऊन घ्यावी. बारा बाय पंधरा फुटांची एक वर आणि तेवढीच एक खाली, एवढ्यात पाच माणसे झोपतात. मध्ये दोर ताणून ताडपत्री त्यावरून दोन्हीकडे टाकली की छप्पर झाले. वाळूत खुंट्या टिकत नाहीत. रिकाम्या स्वच्छ पोत्यात वाळू भरून ते हातभर खोल पुरावे आणि दोर त्याला बांधावा, म्हणजे वाऱ्याला दाद देत नाही. दुपारनंतर वारा समुद्राकडून, बहुधा वायव्येकडून येतो. रात्री तो उलटून जमिनीकडून वाहतो. म्हणून तंबूचे तोंड थेट समुद्राकडे करू नये.

नारळाच्या झाडाखाली तंबू बांधू नये. सावली छान दिसते, पण वरून नारळ किंवा सुकलेली झावळी पडली तर डोके फुटते. सुरूच्या बनात चूल पेटवू नये. खाली पडलेला पाला झटक्यात पेट घेतो.

रेल्वेत गॅसची टाकी, रॉकेल, स्टोव्ह नेता येत नाही. पहिल्या दोन दिवसांसाठी दशम्या, धपाटे, कारळाची आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. एक वेळचे जेवण वाडीत घ्यावे. बाईमाणसाला चुलीपासून सुट्टी मिळाली पाहिजे. तिथे जाऊनही तिनेच थापायच्या असतील तर गावच काय वाईट?

बॅटरी, मच्छरदाणी, मीठ-साखर, नेहमीची औषधे घ्यावीत. आपल्याकडे पारा बेचाळीसवर जातो आणि तिथे त्यापेक्षा कितीतरी कमी असतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातले पाणी नकळत जाते. लेकरांना तासातासाला पाणी पाजावे. आणखी दोन वस्तू विसरू नयेत. पन्नास फूट मजबूत दोर आणि घट्ट झाकणाचे पाच लिटरचे दोन रिकामे कॅन. कॅन खाद्यतेलाचे किंवा पाण्याचे असावेत. फवारणीच्या औषधाचे कॅन कोणत्याही कामाला वापरायचे नाहीत, हे इथेही लागू आहे. दोर आणि कॅन कशासाठी, ते पुढे येईल.

तिथीला पाऊण

समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. सुमारे सहा तास भरती, सुमारे सहा तास ओहोटी. दर दिवशी ही वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, कारण हे काम चंद्राचे आहे. म्हणूनच किनाऱ्यावरचे लोक तिथीवरून भरती सांगतात. त्यांचा हिशोब अगदी सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच.

चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी-रात्री नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सकाळी-संध्याकाळी सहाला भरती आणि दुपारी-मध्यरात्री बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी-मध्यरात्री बाराच्या पुढेमागे आणि ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या पुढेमागे.

हा हिशोब मुंबई-अलिबाग भागाचा. त्यातही अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो आणि दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती थोडी आधी येते. म्हणून तिथे गेल्यावर एखाद्या कोळी बांधवाला विचारून वेळ पक्की करावी. पण घरून निघताना अंदाज बांधायला भिंतीवरचे पंचांग पुरते. नक्षत्र पाहून पेरणीची तयारी करणाऱ्याला हे अवघड नाही.

पाणी किती चढते तेही तिथीवरच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. मुंबईच्या बाजूला तेव्हा पाणी पंधरा-सोळा फुटांपर्यंत खालीवर होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा चढउतार बराच कमी. भरती-ओहोटीच्या सहा तासांतही पाणी सारख्या वेगाने हलत नाही. मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी सरकते, म्हणून ओढ तेव्हा सर्वांत जास्त.

नवखा माणूस कसा फसतो ते बघा. पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला किनारा लांबच लांब मोकळा दिसतो, कारण ओहोटी पूर्ण झालेली असते. माणूस म्हणतो, ही जागा बरी, आणि अंथरूण टाकतो. मध्यरात्री बाराला समुद्र तिथे येतो. वाळूवर सुकलेले शेवाळ, काटक्या, शिंपले यांची एक ओळ दिसते. ती भरतीची खूण. पण भांगातली खूण खाली असते आणि उधाणाचे पाणी तिच्या वर जाते. म्हणून झोपायची जागा वाडीतच, पक्क्या जमिनीवर.

तेव्हा जाण्याचा दिवस कोणता निवडाल? सप्तमी ते दशमी या तिथी मुक्कामात येतील असे बघा. एक तर तेव्हा भांग असतो. दुसरे म्हणजे पूर्ण भरती संध्याकाळी सव्वापाच ते साडेसातच्या दरम्यान येते. चार-साडेचारला ऊन उतरते तेव्हा पाणी किनाऱ्याकडे येत असते, जात नसते. मुलांना पाण्यात उभे करायची हीच वेळ. भरती पूर्ण व्हायच्या आत सगळ्यांनी बाहेर यायचे. सकाळी ओहोटी असते, ती वेळ वाड्या आणि बाजार बघण्यात घालवावी.

विहिरीतले पोहणे समुद्रात चालत नाही

हे घरातल्या तरण्या पोरांना वाचून दाखवा.

आपली पोरे विहिरीत, बारवेत, पूर्णेच्या कालव्यात पोहतात. धाडसी असतात. पण विहिरीचे पाणी जागेवर असते, चार हात मारले की कठडा किंवा पायरी हाताला लागते. समुद्रात पायाखालची वाळू सरकते, लाट पाडते आणि परतणारे पाणी आत ओढते. धरायला काही नसते. खाऱ्या पाण्यात अंग थोडे हलके होते, त्यामुळे “जमतंय की” असे वाटते आणि माणूस पुढे जातो.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यात मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून आलेल्या सहलीतले आठ जण गेले. दोन्ही वेळा माणसे किनाऱ्यापासून लांबच्या गावांतली, हसतखेळत आलेली. एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मुरूडची घटना घडली तेव्हा वद्य अष्टमीचा सुमार होता. म्हणजे उधाण नव्हते. भांगातही समुद्र माणूस नेतो. तिथी पाहून धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून नियम पक्के ठेवावेत. मोठ्यांनी गुडघ्यापर्यंत, लहानांनी पोटरीपर्यंत, आणि तेही मोठ्याचा हात धरून. एक जाणता माणूस कोरड्या वाळूवर उभा राहील आणि फक्त डोकी मोजेल, मोबाइल बघणार नाही. दारू प्यायलेला माणूस पाण्यात जाणार नाही, मग तो घरचा कर्ता का असेना. लाल झेंडा असेल, जीवरक्षक शिट्टी मारील किंवा गावातली एखादी मावशी “तिकडं जाऊ नका” म्हणेल, तर वाद न घालता मागे फिरायचे.

दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मधल्याच पट्ट्यात पाणी शांत, गढूळ किंवा गडद दिसते आहे, अशी जागा ओळखायला शिका. नवख्याला तीच बरी वाटते. खरे म्हणजे लाटांनी आणलेले पाणी तिथूनच परत जात असते, आणि ती ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही आवरत नाही. सापडलाच कोणी, तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. दम तिथेच संपतो. अंग पाण्यावर सोडावे, हात वर करून ओरडावे आणि किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत पट्ट्याबाहेर यावे. पट्टा अरुंद असतो. बाहेर आले की लाटाच किनाऱ्याकडे लोटतात.

बुडणाऱ्याला वाचवायला भाऊ उडी घेतो, भावामागे बाप उडी घेतो आणि एकाचे तीन होतात. इथे तो दोर आणि कॅन कामाला येतात. दोराला झाकणबंद रिकामा कॅन बांधून फेकायचा. कॅन तरंगतो, माणूस त्याला धरतो, वरून ओढायचे. दोर वाळूवर तयार ठेवावा, तंबूत नव्हे.

बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे आपल्याकडचे उपाय करू नयेत. त्यात वेळ जातो. श्वास बघावा. नसेल तर उताणे निजवून, नाक दाबून, तोंडाने पाच श्वास द्यावेत. मग छातीच्या मधोमध जोराने, भरभर तीस वेळा दाबावे, दोन श्वास द्यावेत, पुन्हा तीस, आणि मदत येईपर्यंत थांबू नये. १०८ रुग्णवाहिकेसाठी, ११२ पोलिसांसाठी, १५५४ तटरक्षक दलासाठी. हे तीन आकडे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवेत.

बघण्यासारखे पुष्कळ

एवढे सगळे वाचून घाबरून जाऊ नका. पाण्याबाहेरही तीन दिवस कमी पडतील.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रातच उभा आहे. शिवाजी महाराजांनी तो १६८० साली बांधायला घेतला. ओहोटीला लोक चालत किंवा घोडागाडीने जातात. चहूकडे खारे पाणी असून आत गोड्या पाण्याची विहीर आहे, ती मुलांना जरूर दाखवा. पण भांगात पाणी पुरते हटत नाही, तेव्हा जाणे-येणे स्थानिकांना विचारूनच. भरतीत अडकलात तर पुढच्या ओहोटीपर्यंत बसावे लागते.

आक्षीचा शिलालेख पाहा. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा हा लेख मराठीतला सर्वांत जुना असल्याचे अनेक अभ्यासक मानतात.

आणि आपण शेतकरी. वाडीत राहणार तर वाडी बघून या. नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, खाली केळी किंवा जायफळ. एकाच जमिनीत उंचीनुसार तीन-चार पिके कशी बसवतात, ते डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे. आपण हळदीत मका, एरंडी लावतो त्याचाच हा मोठा भाऊ समजा. अलिबागचा पांढरा कांदा भौगोलिक मानांकन मिळालेला. त्याच्या वेण्या विणून रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतील. माल साधाच, पण पातीसकट वेणी घातली की टिकतो आणि गिऱ्हाईक थांबते. असे काही आपल्या हळदीचे करता येईल का, हा विचार परतीच्या गाडीत करायला हरकत नाही. ‘निसर्ग’ वादळात वाडी गमावलेला बागायतदार भेटला तर त्याच्याशी बोला. गारपिटीत पीक गमावलेल्या माणसाला त्याचे बोलणे लगेच समजेल.

मे महिन्यात तिथेही पाण्याची ओढाताण असते. काही विहिरींचे पाणी मचूळ होते. समुद्रात भिजून आल्यावर अंगावर एक-दोन बादल्यांत भागवावे. टँकरची वाट पाहिलेल्या माणसाने दुसऱ्याची विहीर उपसू नये. कचरा आपल्याच पोत्यात भरून परत आणावा.

जाण्याचे ठरलेच, तर आज रात्री जेवणे झाल्यावर भिंतीवरचे पंचांग खाली काढा, मे महिन्याचे पान उघडा आणि सप्तमी ते दशमीवर खूण करा. गुणाकार मुलांकडून करून घ्या. तारीख मात्र घरातल्या बाईला विचारून ठरवा.